सिस्टरच्या तीन खिंडी

आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, आटाचक्की आहे. माझ्या फाटकापासून चालत दोन मिनिटं. ती सुरू झाली की माझ्या स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरतात, इतकी जवळ. तरीही गेली तीन वर्षं आमच्या गल्लीचं दळण रेल्वेलाइनीवरचा उड्डाणपूल ओलांडून पलीकडच्या चक्कीवर जातं, कारण ते मेश्राम सिस्टर नेतात. सायकलवर. मागच्या कॅरिअरला गव्हाचा डबा ट्यूबने करकचून बांधलेला, सलवारच्या पायाला कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि ओढणी कमरेला. बरं, नेतात म्हणजे सरळ नेत नाहीत. पूल चढायचा, पलीकडे उतरायचं, वळून पुन्हा चढायचं, पुन्हा इकडे उतरायचं. असं दहा-बारा वेळा झालं की मग चक्की. आमच्या पोळ्यांचा गहू दळला जाण्याआधी एखादा छोटा पर्वत चढून आलेला असतो.

पुलाच्या तोंडाशी उभ्या असणाऱ्या ट्रॅफिक हवालदाराला पहिल्या आठवड्यात वाटलं, बाईंचं काहीतरी पडलंय आणि त्या शोधतायत. त्याने विचारलं. सिस्टर थांबल्या, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझं काही हरवलं नाही गा. पण तुझे डोळे पिवळे दिसून राहिले. रक्त तपासून घे." त्याने तपासलं. कावीळ निघाली. तेव्हापासून सिस्टर आल्या की तो बाकीची वाहनं थांबवतो.

सिस्टर म्हणजे वत्सला मेश्राम. त्यांना नावाने हाक मारणारं आमच्या बेसामध्ये, नागपूरच्या या टोकाला, कोणी नाही. उमरेडकडच्या गावांमधून त्यांनी सरकारी नर्स म्हणून सगळी नोकरी केली. लसीचा डबा, बाळंतपणाची पिशवी आणि काळी लेडीज सायकल. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात तापलेला मुरूम, आणि वेळी-अवेळी येणारे निरोप. यजमान लवकर गेले. एक मुलगी, प्रज्ञा. निवृत्त झाल्यावर सिस्टरनी बेसाला घर बांधलं आणि माझ्या शेजारीण झाल्या. मी शाळेत भूगोल शिकवत होते. तीस वर्षं मुलांना डोंगरांचे प्रकार पाठ करायला लावले, आणि स्वतः रामटेकच्या गडाहून उंच काही चढले नव्हते. तोही रिक्षाने.

सिस्टरचं जग दोन भागांत विभागलेलं आहे: ज्यांना इंजेक्शन देऊन झालंय ते आणि ज्यांना द्यायचंय ते. इंजेक्शन देताना त्या बोलण्यात गुंतवतात आणि सुई काढून म्हणतात, "झालं. एवढंच होतं." हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलंय की ते कुठेही निघतं. आमच्याकडे विजेची वायर तुटून पडली, लाइनमन आला, जोडून गेला: "झालं. एवढंच होतं." माझा दात काढला तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी सिस्टर बोलल्या. त्यांच्या सायकलला गिअर नव्हता. मी एकदा म्हटलं, आता गिअरवाली घ्या, गुडघे वाचतील. त्या म्हणाल्या, "गिअर म्हंजे सलाईन. पेशंट खाऊन-पिऊन राहिला, तं सलाईन कायले लावायची?"

आता पुलाची गोष्ट. ती मला उशिरा कळली.

प्रज्ञा शिकायला फ्रान्सला गेली आणि तिथेच ज्युलियँ नावाच्या एका शाळामास्तराशी तिचं जमलं. लग्न नागपूरला झालं, बुद्धवंदना घेऊन, साधंसं. लग्नाला ज्युलियँचे वडील आले होते. मार्सेल त्यांचं नाव. पत्नी वारलेली, जन्मभर सुतारकाम केलेलं, उंच, वाळके, आणि सायकलवेडे. सिस्टर त्यांना व्याहीबुवा म्हणायच्या. आठ दिवसांत त्यांची खात्री झाली की हेच आपलं भारतातलं नाव. अजूनही ते सिस्टरना पत्र लिहितात तेव्हा खाली रोमन लिपीत व्याहीबुवा अशी सही करतात.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी व्याहीबुवांनी सिस्टरची काळी सायकल मागून घेतली आणि बेसात चक्कर मारायला गेले. अर्ध्या तासाने घामाने निथळत आले. प्रज्ञाने त्यांचं बोलणं आम्हाला सांगितलं: ही सायकल नाही, हा पलंग आहे. सिस्टरना ती तारीफ वाटली. मग व्याहीबुवा त्यांच्या गावाबद्दल बोलू लागले. दक्षिण फ्रान्समध्ये आर्देश म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तिथे त्यांच्या दारातून निघून तीन खिंडी चढून पुन्हा दारात आणणारा एक रस्ता आहे, नव्वद किलोमीटरचा. गावात ज्याने तो रस्ता केला त्यालाच सायकलवाला म्हणतात. सिस्टरनी विचारलं, मी आली तर जमेल का? व्याहीबुवा फार सभ्य माणूस. त्यांनी आमच्या सपाट रस्त्याकडे, मग सिस्टरकडे पाहिलं आणि म्हणाले, की तुम्ही जरूर या. तो रस्ता गाडीतूनही फार सुंदर दिसतो.

सिस्टर उठल्या. त्यांना चहा पाहिजे का विचारून आत गेल्या.

दोन वर्षांनी पुलाच्या फेऱ्या सुरू झाल्या. मधल्या काळात प्रज्ञाला मुलगी झाली होती, तारा. पुढे वर्षाच्या ताराला घेऊन ती येऊनही गेली. एका सकाळी सिस्टर माझ्याकडे जावयाने पाठवलेला नकाशा घेऊन आल्या, तेव्हा मला सगळा उलगडा झाला असं वाटलं. व्याह्यांचं ते बोलणं लागलेलं दिसतंय. काही माणसांना गोष्टी उशिरा लागतात.

नकाशा छापील होता आणि त्यावर आडव्यातिडव्या रेघांची गर्दी होती. मी त्यांना समजावलं, की या रेघा जिथे जवळजवळ असतात तिथे चढ उभा असतो. त्याखाली रस्त्याच्या चढउताराचा आलेख होता. सिस्टरनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हा तं कार्डिओग्राम आहे. याले भरती करा लागन."

तिन्ही खिंडींची फ्रेंच नावं मी वाचून दाखवली. मला ती धड उच्चारता येईनात, सिस्टरना ऐकून धरता येईनात. तेव्हा त्यांनी पोलिओच्या एका जुन्या पोस्टरच्या मागे तो आलेख पुन्हा काढला आणि स्वतः नावं दिली. पहिली, लांबलचक पण सोशिक चढाची, ती थोरली. दुसरी, उघड्या माळावरची, वाऱ्याची, ती मधली. तिसरी सगळ्यांत आखूड आणि भिंतीसारखी उभी, ती धाकटी. "धाकट्या साऱ्या अशाच रायतात," सिस्टर म्हणाल्या. मी माझ्या घरातली धाकटी.

पोस्टर त्यांनी फ्रिजवर चिकटवलं. मग सरावाला ताळतंत्र राहिलं नाही. पुलाचं झालं, सेमिनरी हिल्सचं झालं. रामटेकचा गड झाला. तिथली माकडं त्यांना ओळखू लागली. एकदा एसटीच्या टपावर सायकल टाकून चिखलदऱ्यालाही गेल्या आणि दोन दिवसांनी भाजलेल्या वांग्यासारखा चेहरा घेऊन परतल्या. मे महिन्यात आम्ही सगळे कूलरपुढे निपचित पडलेले असायचो, तेव्हा सिस्टर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून खिशात कांदा टाकून निघायच्या. मी ओरडले की म्हणायच्या, कांदा आहे ना खिशात, ऊन लागत नाही. आणि भूगोल काहीही म्हणो, त्यांना खरंच कधी ऊन लागलं नाही.

शेवटी यंदा जूनमध्ये जायचं ठरलं. मला त्यांनी विचारलंही नाही, सांगितलं. "तुम्ही चाला. नकाशा वाचणारं माणूस पायजे मले." तर अशी मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले, नकाशा वाचायला.

आर्देश हा मी पाठ करून शिकवलेल्या डोंगरांसारखा मुळीच नव्हता. दगडी घरं, उतारावर चेस्टनटची जुनी झाडं, गळ्यात घंटा बांधलेल्या बकऱ्या, आणि जिथे वाटेल की आता रस्ता संपला, तिथून वर चढणारा आणखी एक रस्ता. प्रज्ञाचं घर एका टेकडीच्या कुशीत, व्याहीबुवांचं त्याला लागून. त्यांनी सिस्टरसाठी गावातल्या दुकानातून गिअरची हलकी सायकल आणून ठेवली होती. सिस्टरनी ती एका बोटाने उचलून पाहिली आणि तिला टॉनिक द्यायला पाहिजे म्हणाल्या. मग विचारलं, हिचं कॅरिअर कुठे आहे? व्याहीबुवांना वाटलं प्रज्ञाचं भाषांतर चुकलं. रेसिंगच्या सायकलला कॅरिअर लावणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप होतं. पण सिस्टर हटेनात. कॅरिअर नाही तर डबा कुठे बांधू? शेवटी त्या सुतार माणसाने डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी ठेवून कॅरिअर बसवलं.

गिअरही सिस्टरनी चार दिवसांत शिकून घेतले. "सलाईन लावा लागते कधी कधी," त्या मला बघून म्हणाल्या, मी काही विचारलं नसताना.

त्या सकाळी ऊन होतं आणि हवेत गारठा होता. मी स्वेटर घालून गाडीत बसले. ज्युलियँ चालवत होता, मागे प्रज्ञा आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची तारा. पुढे रस्त्यावर दोघं व्याही. व्याहीबुवा अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, पाठ वाकवून, कंदिलाच्या वातीसारखे सडपातळ. सिस्टर सलवार-कमीज, चिमटे, हेल्मेटखाली दुपट्टा, ताठ बसलेल्या. मागे कॅरिअरवर डबा.

पहिल्या वळणालाच व्याहीबुवा दिसेनासे झाले. सिस्टरनी वेग वाढवला नाही. चेस्टनटच्या सावलीतून रस्ता वर जात होता आणि दर किलोमीटरला एक दगड होता, त्यावर पुढचा चढ किती कठीण ते लिहिलेलं. आम्ही शेजारून गेलो तेव्हा सिस्टरनी त्या दगडाकडे बोट करून मला सांगितलं, की पेशंटच्या पलंगाला चार्ट लावतात तसं आहे, चांगली व्यवस्था आहे. त्यांचा श्वास पुलावरच्यासारखाच होता. थोरली त्या दीड तासात चढल्या. वर व्याहीबुवा घड्याळ बघत उभे होते. त्यांनी भुवया उंचावल्या, एवढंच.

आणि मग गडबड झाली.

खिंडीच्या पलीकडे रस्ता खाली कोसळत होता. वळणामागून वळण, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला गुडघाभर दगडी कठडा आणि त्यापलीकडे नुसती दरी. व्याहीबुवा सुर्रकन खाली गेले. सिस्टर निघाल्या आणि पन्नास पावलांवर उतरल्या. आम्ही गाडी थांबवली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हातांची बोटं ब्रेकवर धरून धरून आकडली होती.

"मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चढाची तयारी केली. उताराची केलीच नाही."

खरंच होतं. आमच्या पुलाचा उतार भीती वाटायच्या आधी संपतो. तीन वर्षांत हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं आणि नकाशा वाचणाऱ्या माझ्याही. प्रज्ञा म्हणाली, आई, गाडीत बस, खालपर्यंत सोडतो. सिस्टरनी मान हलवली आणि सायकल हातात धरून चालू लागल्या. दोन वळणं त्या तशाच चालल्या. नव्वद किलोमीटरांत असे तीन उतार होते. मी हिशेब केला आणि माझं मन खचलं. असं चालत गेलं तर दिवस पुरणार नव्हता.

तेवढ्यात खालून व्याहीबुवा आले. म्हणजे तो सगळा उतार उतरून, सिस्टर दिसत नाहीत म्हणून पुन्हा चढून आले होते. त्यांनी सिस्टरच्या हातांकडे पाहिलं, सायकल कठड्याला टेकवली आणि समजावू लागले. प्रज्ञा मधे उभी राहून सांगत होती. चाकाकडे बघायचं नाही. वळण जिथे संपतं तिथे बघायचं. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. अंग मागे ढकलायचं. सिस्टरनी सगळं नवीन पद्धतीच्या औषधाची माहिती ऐकावी तसं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे जिकडं जायचं तिकडं पाहायचं. एवढंच ना?" प्रज्ञाने ते सांगितल्यावर व्याहीबुवांनी जोरात मान डोलावली.

मग ते पुढे निघाले, अगदी सावकाश, आणि प्रत्येक वळणाआधी डावा हात वर करत राहिले. सिस्टर त्यांच्या मागे. हात वर झाला की ब्रेक, हात खाली आला की सोडायचं. पाय टेकले नाहीत. खाली पोहोचल्यावर सिस्टरनी एक लांब श्वास सोडला आणि त्यांचं वाक्य म्हणाल्या. व्याहीबुवांनी ते मागून म्हणून पाहिलं. "झाला. येवडच ओता." सिस्टरनी त्यांना सुधारलं नाही.

मधली खिंड माळावरची. पिवळ्या फुलांची झुडपं आणि समोरून वारा, असा की गाडीचं दार उघडताना ज्युलियँला जोर लावावा लागला. इथे सिस्टर तरबेज. उघड्या रानातला वारा त्यांनी जन्मभर खाल्लाय. त्या व्याहीबुवांच्या पुढे झाल्या, वारा अडवला आणि त्यांना मागे राहायला खुणावलं. त्यांना ते फार अवघड गेलं असावं, पण राहिले. वर पोहोचून आम्ही सगळे दगडांवर जेवायला बसलो. सिस्टरच्या डब्यात दशम्या, लोणचं, तिळाची चटणी. आणि कमीजच्या खिशातून कांदा. व्याहीबुवांनी विचारलं, हा कशाला? प्रज्ञाने सांगितलं, ऊन लागू नये म्हणून. त्यांनी माझ्या स्वेटरकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, मग खिशातला चाकू काढून कांद्याच्या चकत्या केल्या आणि बकरीच्या चीजवर ठेवून सगळ्यांना वाटल्या. मी सांगते, ते फार चांगलं लागलं.

धाकटी मात्र खरंच धाकटी निघाली. रस्ता नाहीच तो, जिना. तारासुद्धा खिडकीतून बघून आईला बिलगली. आम्ही मधल्या एका गावात पाणी घ्यायला थांबलो होतो, तिथून निघून वर आलो तर एका वळणावर दोन्ही सायकली आडव्या. व्याहीबुवा रस्त्याच्या कडेला बसलेले, पोटरी धरून, तोंड वेडंवाकडं. सिस्टर त्यांच्यापुढे गुडघ्यांवर. एका हाताने नाडी, दुसऱ्या हाताने त्यांच्या पायाचा अंगठा मागे ओढत होत्या. व्याहीबुवा फ्रेंचमध्ये काहीतरी ओरडले, ज्याचं भाषांतर प्रज्ञाने केलं नाही. पोटरीतला गोळा सुटला. सिस्टरनी त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पापणी खाली ओढून डोळा पाहिला.

ज्युलियँ वडिलांना विनवत होता. आता पुरे, गाडीत बसा. म्हातारा बसायला तयार नव्हता आणि उभाही राहू शकत नव्हता. माझं सगळं लक्ष सिस्टरकडे. पाच वर्षांपूर्वी याच माणसाने त्यांना गाडीतून सुंदर दिसणाऱ्या रस्त्याचं निमंत्रण दिलं होतं. आता त्यांना फक्त तोंड उघडायचं होतं. प्रज्ञाही आईकडे बघत होती, म्हणजे तिलाही आठवलं होतं.

सिस्टरनी तोंड उघडलं. म्हणाल्या, "त्याईले सांग, दहा मिनिटं बसा. मंग सोबत जाऊ. चढाले घाई करायची नसते. बाळंतपणावाणी आहे ते. कळ येते, कळ जाते. दोन कळांच्या मंधात श्वास घ्यायचा."

प्रज्ञा हसत हसत सांगायला लागली, आणि शेवटच्या वाक्याला का कोण जाणे अडखळली. तिने ते पुन्हा सांगितलं.

दहा मिनिटांनी दोघं उठले. आम्ही गाडी वर नेऊन थांबवली. खिंडीच्या माथ्यावर एक छोटं कॅफे आहे. तिथे बाहेर पाच-सहा म्हातारे सायकलवाले बसले होते, व्याहीबुवांच्या ओळखीचे. ज्युलियँने त्यांना सांगितलं कोण येतंय आणि कुठून. ते कप घेऊन रस्त्यावर आले. खाली वळणं दिसत होती आणि त्यांवर दोन ठिपके, एक काळा, एक निळा दुपट्ट्याचा. एक वळण, थांबणं. दुसरं वळण, थांबणं. सिस्टर मोजून श्वास घेत होत्या आणि व्याहीबुवा त्यांच्या मोजणीवर चालत होते.

शेवटची शंभर पावलं राहिली तेव्हा व्याहीबुवांनी वेग कमी केला. सिस्टरना पुढे जाऊ द्यावं म्हणून. सिस्टरच्या ते लक्षात आलं, त्यांनीही कमी केला. आमच्याकडे व्याह्याव्याह्यांच्या मानपानावरून लग्नं अडतात. इथे उभ्या चढावर दोन सायकली जवळजवळ थांबल्या आणि दोघंही पडायच्या बेतात आले. तेव्हा सिस्टर मोठ्याने म्हणाल्या, "मी मुलीकडची. पण आज मीच पुढं जाते." आणि पेडलवर उभ्या राहिल्या. पासष्ट वर्षांची बाई, कॅरिअरवर डबा खडखडतोय, आणि ती उभी राहून सायकल मारतेय. खिंडीच्या नावाची पाटी त्यांनी ओलांडली आणि म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वेटर काढून हवेत फिरवत होते, हे मला प्रज्ञाने नंतर फोटोत दाखवलं. व्याहीबुवांनी मागून येऊन सिस्टरचा हात धरून वर केला, कुस्तीतले पंच करतात तसा, आणि मित्रांना ओरडून काहीतरी सांगितलं. प्रज्ञा म्हणाली, ते म्हणतायत, ही सायकलवाली आहे.

सिस्टर हसत होत्या. इतक्या वर्षांत त्यांचे खालचे दोन दात नाहीत हे मला पहिल्यांदा दिसलं.

तिसरा उतार त्यांनी व्याहीबुवांच्या हाताशिवाय केला. खाली नदीकाठी एक छोटं शहर लागतं, तिथून गाव आठेक किलोमीटर. चौकात व्याहीबुवा उजवीकडे वळले. सिस्टर डावीकडे. व्याहीबुवांनी हाक मारली, ज्युलियँने हॉर्न दिला. मी नकाशा उघडला. डावीकडे आमचा रस्ता नव्हता. पण सिस्टर चुकल्या नव्हत्या, त्या पाट्या वाचत चालल्या होत्या. आम्ही मागोमाग गेलो.

एका तीनमजली, साध्या, पिवळट इमारतीसमोर त्या उतरल्या. दवाखाना होता. प्रज्ञाने गाडीतच मला सांगितलं. तारा दीड महिना आधी झाली. सिस्टरचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं, दुपटी शिवून झाली होती, डिंकाचे लाडू करायचे होते. ज्युलियँ त्या दिवशी शाळेच्या सहलीला दूर गेलेला. सासरे तिला खाली घेऊन आले आणि बाहेर बसून राहिले. ती आत एकटी होती, कानाला फोन. नागपूरहून आई सांगत होती, कळ येते, कळ जाते, मधात श्वास घे, घाबरू नको, मी येऊन राहिली. मग फोन तुटला. "तीन तास ती तिकडे फोन हातात धरून बसली होती," प्रज्ञा म्हणाली. "पुढच्या महिन्याचं तिकीटही तिने रद्द केलं. त्यावर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. मी पण नाही."

मी मनातल्या मनात वर्षं मोजली, पुलाच्या फेऱ्या ताराच्या जन्मानंतरच्या निघाल्या, आणि माझ्या भूगोलाची मला लाज वाटली.

प्रज्ञा ताराला माझ्याकडे देऊन उतरली. सिस्टर सायकल धरून वर बघत होत्या. त्यांनी विचारलं, कोणती खिडकी? प्रज्ञाने दुसऱ्या मजल्यावरची एक दाखवली. तिच्यात आता कोणीतरी फुलांची कुंडी ठेवली होती. सिस्टरनी सायकल भिंतीला टेकवली.

"साऱ्या बायांकडं सायकलनंच गेली मी," त्या म्हणाल्या. "मोटारीत बसून एकीकडंबी नाही. मंग तुझ्याकडं कशी येऊ? आली वं मी, प्रज्ञा. उशीर झाला."

आईच्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा घट्ट बसून लाल वळ उठला होता. प्रज्ञाने तो पट्टा हळूच सोडवला, हेल्मेट काढलं, आणि दुपट्ट्याच्या टोकाने आईचं घामेजलेलं कपाळ पुसत राहिली.